खारूताईचं कुलूप

फोन करू नका कुणी. लाइट जाऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोच वीज खात्याच्या नावाने खडे फोडायला लागलात. येईल. कुठेतरी कुणीतरी खांबावर चढलेला असेल, त्याला आधी खाली उतरू दे. आणि तो मोबाइलचा टॉर्च बंद करा बरं, डोळ्यांत जातोय. अंधारात बसलं म्हणून कुणी खात नाही तुम्हाला.

माणूस खाली उतरल्याशिवाय लाइन सोडायची नाही, हा आमच्या खात्यातला पहिला नियम. बाकीचे नियम साहेब लोक दर बदलीला बदलतात, ह्याला कुणी हात लावत नाही. ह्या एका नियमापायी एका माणसाने आठवडाभर साहेबाला दाद दिली नव्हती. मी त्याच्याच सबस्टेशनला, सकाळच्या पाळीला. निम्मी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय आणि निम्मी त्याने सांगितलीय. आणि तो काही थापा मारणारा नव्हता. रजा हवी असली तर खोटं पोट दुखवायलाही त्याला जमायचं नाही.

त्याला आम्ही सगळे मेहुणे म्हणायचो. रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आमच्याकडेच लाइनमन होता आणि तो येता-जाता ‘काय मेहुणे’, ‘बसा मेहुणे’ करायचा. ते ऐकून साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. सगळ्या खात्याचा मेहुणा, पण मेहुण्याचा मान एकानेही दिला नाही. आणि त्या लाइनमनला म्हणायचे खारूताई. मिशी ही एवढी आडवी, आवाज खर्जातला, आणि नाव खारूताई. पण त्याला खांबावर चढताना बघितलं असतंत तर तुम्हालाही दुसरं नाव सुचलं नसतं.

ताई, म्हणजे मेहुण्यांची बहीण, रोज संध्याकाळी दोन डबे भरून सबस्टेशनवर आणून द्यायची. एक भावाचा, एक नवऱ्याचा. लाइनवरून परतताना खारूताई तिथेच टेकायचा, दोघे डबे एकत्र सोडायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं चांगलं ते पळवायचे.

त्या दिवशी काम तसं फुटकळ होतं. जंगलातून जाणाऱ्या लाइनवर एका खांबाचा तार धरणारा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला होता, तेवढा बदलायचा. जंगलाच्या पलीकडे पाणी चढवायचं पंपघर, त्याच्या आसऱ्याने वसलेली थोडी घरं आणि एक लहानसा दवाखाना, एवढ्यांसाठी ती लाइन. पद्धत अशी की काम करणाऱ्याने आधी सबस्टेशनच्या आवारात यायचं, त्या लाइनचा स्विच पाडायचा आणि त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येक लाइनमनचं आपापलं कुलूप. किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे तो परत येऊन स्वतः कुलूप काढेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी लाइन चालू होत नाही. खारूताईच्या किल्लीला त्याच्या मुलीची निळी रिबीन होती. पोरीने शाळेत घालायची म्हणून जपून ठेवलेली, आणि बापाने किल्ली हरवू नये म्हणून लांबवलेली. त्यावरून घरी रोज भांडण.

त्या जंगलाबद्दल लोक बोलायचे. ओढ्याच्या पुढे माणसं जातात आणि येत नाहीत. जमीन मोजायला आलेला एक सर्व्हेयर. पक्ष्यांचे फोटो काढणारा एक जण. लाकडं आणायला गेलेली एक बाई. जनावर म्हणावं तर रक्त नाही, दरड म्हणावी तर दरड नाही. सर्व्हेयरची दुर्बिणीची तिवई जागेवर उभी होती, पाणसळीने पातळी लावून. फोटोवाल्याचे बूट एकाशेजारी एक ठेवलेले, जसे आपण दाराशी काढतो. खारूताई ह्यावर हसायचा. म्हणायचा, मी जमिनीवर असतोच कधी?

जीपवाल्याने त्याला ओढ्यापाशी सोडलं. त्याच्या जोडीदाराला त्या दिवशी ताप होता, म्हणून एकटाच गेला. वाटेत खात्याची एक पत्र्याची केबिन आहे. मोबाइलला तिकडे रेंज नाही, म्हणून आमची जुनी टेलिफोनची तार तिथपर्यंत नेलेली आहे. तिथून त्याने फोन केला, पोचलो, आता चढतो म्हणून. तो शेवटचा. जीपवाला अंधार पडेपर्यंत हॉर्न वाजवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. पोलीस, जंगलखातं, आम्ही. नवा इन्सुलेटर व्यवस्थित बसवलेला. जुना खांबाच्या बुडाशी ठेवलेला. आणि खांबाच्या टोकावर त्याचा कमरेचा पट्टा. खांबाभोवती वेढा घातलेला, बकल नीट लावलेलं. पट्ट्यात माणूस असताना जसा असतो तसाच, फक्त आत माणूस नव्हता. पोलिसांनी तो तिथेच राहू दिला. मी स्वतः खालून बघितला.

आठवडाभर शोधलं आणि मग बंद केलं. पलीकडच्या लोकांनीही कळ काढली होती, पण दवाखान्यात लसी होत्या, जनरेटरचं डिझेल संपत आलं होतं, पाणी चढत नव्हतं. साहेब रोज म्हणायचा, कुलूप तोडा. मेहुणे रोज म्हणायचे, ज्याचं कुलूप त्याने काढायचं. साहेब वाईट नव्हता. त्याने समजावलं, खांबावर कुणी नाही हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मेहुणे म्हणाले, खाली उतरलेलाही कुणी पाहिला नाही.

पण खरं कारण ताई होती. ती अजून दोन डबे आणायची. रोज. मेहुणे एक खायचे आणि दुसरा सकाळी तसाच भरलेला परत न्यायचे. एका संध्याकाळी तिने आवारातल्या त्या कुलपाकडे बोट करून भावाला सांगितलं, “लाइन बंद आहे तोवर ते कामावर आहेत. तू सोडलीस, की गेले.” आणि भावाकडून वचन घेतलं. मेहुण्यांनी दिलं. लहानपणी आई गेल्यावर ह्याच बहिणीने त्यांना वाढवलेलं, ते नाही कसे म्हणणार?

शेवटी साहेबाने लेखी हुकूम काढला. बुधवारी सकाळी करवतवाला येणार, कुलूप कापणार.

म्हणजे गोष्ट मंगळवारच्या रात्रीची. डिसेंबरचा पहिला आठवडा, अमावास्या आदल्याच दिवशी झालेली. मेहुणे एकटे पाळीवर. टेबलावर दोन डबे, एकही उघडलेला नाही. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर. ताईला उद्या काय सांगायचं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात. वचन मोडणार होतं. आपण न मोडताच मोडणार होतं.

अडीच वाजून गेले होते. फोन वाजला.

नेहमीचा नाही. तो कोपऱ्यातला, जंगलातल्या केबिनचा.

मेहुणे उठले. तीन-चार वेळा वाजू दिला. मग उचलला.

“हॅलो.”

खरखर.

“हॅलो... सबस्टेशन.”

“मेहुणे...”

आवाज त्याचाच. खर्जातला. पण थकलेला. लांब चालून आल्यासारखा.

मेहुण्यांना रडूच फुटलं. “भावजी! कुठे आहात तुम्ही? केबिनमध्ये आहात का? थांबा तिथेच. मी गाडी पाठवतो. आत्ता पाठवतो...”

खरखर.

“भावजी?”

“काम झालं, मेहुणे. विचारा ना.”

काय विचारायचं, ते मेहुण्यांना कळलं. काम संपलं की ऑपरेटरने तीन प्रश्न विचारायचे आणि लाइनमनने तीन उत्तरं द्यायची. रोजचंच. झोपेत विचारले असते त्यांनी. पण त्या रात्री तोंड उघडेना. हे विचारलं की संपलं, असं त्यांना आतून वाटत होतं. कशावरून, ते सांगता येत नव्हतं.

“विचारा.”

“...माणसं उतरली?”

“उतरली.”

मेहुणे थबकले. एकटा माणूस असला तर तो म्हणतो, मी उतरलो. खारूताई कायम तसंच म्हणायचा.

“भावजी, तुम्ही तर एकटेच गेला होतात.”

श्वास. एकाचा नाही. कुणीतरी मागे हळूच खोकलं. एक बाई काहीतरी पुटपुटली. पत्र्याच्या त्या केबिनमध्ये धड दोन माणसं मावत नाहीत.

“कोण आहे तुमच्याबरोबर?”

“सगळी उतरली, मेहुणे. माझ्यासकट. पुढचं विचारा.”

“सामान... काढलं?”

“पट्टा राहिला वर. राहू द्या. आता लागत नाही.”

तिसरा प्रश्न राहिला. लाइन सोडू? दोन शब्द. मेहुण्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. ते शब्द काही त्यांच्याच्याने निघाले नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं.

“ताईला काय सांगू?”

मागचे श्वास थांबले. जणू त्या सगळ्यांनाच त्याचं उत्तर ऐकायचं होतं.

“लाइन सोडा. पलीकडे पोरंबाळं अंधारात आहेत.”

“कुलूप तुमचं आहे, भावजी. किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही या. स्वतः या आणि काढा.”

“किल्ली देऊन आलो.”

“कुणाला? भावजी, कुणाला?”

बंद.

मेहुण्यांनी उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

मग ते बॅटरी घेऊन आवारात गेले. कुलूप जागेवर. लावलेलं. ओढून पाहिलं. गच्च. आसपास किल्ली नाही, काही नाही. मेहुणे तिथेच खडीवर बसून राहिले. डोळा लागला असेल, मनाचे खेळ असतील, अशी स्वतःची समजूत घालत. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला स्वतःशीही ते जमेना.

सहाला मी गेलो, तेव्हा ते तिथेच बसलेले. कपडे दवाने ओले. मी चहा पाजला. तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगतोय तसंच. मी म्हटलं, घरी जा आणि झोपा. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात फाटक वाजलं. ताई आली होती. ती कधी सकाळी यायची नाही. एका हाताला पोर, दुसऱ्या हातात डबा.

एकच डबा.

मेहुण्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रात्रीच्या फोनबद्दल ते अजून अवाक्षर बोलले नव्हते. ताईनेही काही विचारलं नाही. तिने पोरीला आमच्याकडे पाठ करून उभं केलं.

पोरीची वेणी घातलेली होती. घट्ट, जरा वाकडी, बायका घालत नाहीत तशी. शेवटाला निळी रिबीन. रिबिनीत किल्ली.

ताई म्हणाली, रात्री झोपताना हिचे केस मोकळे होते. ही माझ्या कुशीत झोपली होती. सकाळी उठले तेव्हा दाराला आतून कडी होती. पोर मध्येच म्हणाली, बाबांनी माझी रिबीन दिली परत, आता भांडण नाही. हसत होती ती.

ताईने त्या कुलपाकडे पाहिलं. मग भावाकडे.

“सोड आता,” ती म्हणाली.

आणि पायरीवर बसून रडली. आठवडाभर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं त्या बाईने. मेहुणे तिच्याशेजारी बसले. मला तिथे थांबवेना, मी आत जाऊन उगाच मीटर बघत उभा राहिलो.

त्याच किल्लीने कुलूप निघालं. मेहुण्यांनी स्वतः काढलं, स्वतः दांडा वर केला. करवतवाला नऊला आला, त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्या रात्री खारूताई घरी आला होता असं धरून चाललं, तर बाकीची ‘सगळी’ कुठे गेली, ती आपापल्या घरी गेली का, आणि त्यांच्या घरच्यांना सकाळी काय सापडलं, हे मला माहीत नाही. कोण जाणार विचारायला, आणि विचारायचं तरी काय?

एक सांगतो. ती रिबीन वेणीतून सुटत नव्हती. लाइनमन लोक सामान वर ओढून घेताना दोराला एक गाठ मारतात. आमच्याकडे ती प्रत्येकाची थोडी वेगळी असते, सहीसारखी. खारूताईची कुणालाच सोडवता यायची नाही, तो स्वतःच सोडवायचा. मी प्रयत्न केला, मेहुण्यांनी केला, शेवटी ताईने ब्लेडने रिबीन कापली. त्या किल्लीला निळा तुकडा अजून आहे. गाठीसकट.