बारानंतरची मोजणी

पटत नसेल त्यांनी इथेच थांबावे. गोष्टी रचून लोकांना भिववण्याचे माझे वय नाही, आणि तशी सवयही नाही.

हे घडले रविवारी, दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

माझ्या दोन मुलांनी तिथे गॅसवर चालणारे छोटे टर्बाइन बांधले होते. ट्रकचा जुना टर्बो, घरीच वळवलेला पत्रा. थोरल्याचा हट्ट एकच. बॅटरी नको, वेगळी मोटर नको. तेलाचा पंपसुद्धा टर्बाइनच्या शाफ्टवरूनच, गिअर आणि पट्ट्याने फिरला पाहिजे.

त्यात एक मेख होती. शाफ्ट फिरल्याशिवाय पंप फिरत नाही, आणि बेअरिंगला तेल पोचल्याशिवाय शाफ्ट फिरवायचा नाही. म्हणून थोरल्याने पंपाला हँडल बसवले. सुरू करण्याआधी हाताने चाळीस फेऱ्या. मोठ्याने मोजत.

"मनात मोजशील तर तेलही मनातच चढेल," तो धाकट्याला म्हणायचा.

वर्षापूर्वी शाफ्ट कोरडाच फिरला. बेअरिंग जळले, टर्बाइनचे चाक फुटले... थोरला जागीच गेला.

"हँडल मारायची पाळी दादाची होती," धाकट्याने सांगितले.

मी ते मान्य केले. थोरल्या सुनेला तोंडावर म्हणालेही, "तुझ्या नवऱ्याला त्याचीच घाई भोवली."

तिने मान खाली घातली.

त्या रविवारी धाकटा माझ्यासमोर स्वयंपाकघरात चहा पीत होता. तिथली खिडकी शेडकडे उघडते.

बाहेरून आवाज आला...

कर्र... कर्र...

हँडलचा.

धाकट्याचा कप बशीवर वाजला. पंप त्याने स्वतःच खोलून ठेवला होता. हँडल माझ्या कपाटात होते, किल्ली माझ्या कमरेला.

"एक... दोन..."

कोणीतरी मोजत होते.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"उंदीर आकडे मोजत नाहीत."

थोरली सून दारात येऊन उभी होती. "रोज चारला वाजतं, आई. एरवी तुमचा डोळा लागलेला असतो. आज नीट ऐका."

"अकरा... बारा..."

कर्र थांबली.

मोजणी थांबली नाही.

"तेरा... चौदा... पंधरा..."

हँडल गप्प. नुसते आकडे. भरभर, कंटाळलेल्या स्वरात.

तो आवाज थोरल्याचा नव्हता.

धाकट्याचा होता... आणि धाकटा माझ्यासमोर ओठ मिटून बसला होता.

"चाळीस."

मग थोरला बोलला. जन्म दिलेल्या पोराचा आवाज मी ओळखणार नाही?

"सगळ्या मारल्यास ना रे?"

धाकट्याने टेबलाची कड धरली. "हात भरून आला होता, आई. दादाची पाठ होती माझ्याकडे. म्हटलं, बारा काय आणि चाळीस काय..."

सून त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी शेडचे कुलूप काढले. आत कोणी नव्हते. धुळीवर पाऊल उमटलेले नव्हते. पंपाच्या जागी चार रिकामी भोके... आणि खाली फरशीवर तेलाचे ताजे थेंब.

बारा.

सून त्याच आठवड्यात माहेरी गेली. तिची क्षमा मागायला हवी होती. या घरात मी कधी कोणाची क्षमा मागितलेली नाही, आणि त्या दिवशीही जीभ वळली नाही.

आता चार वाजता घरात आम्ही दोघेच असतो. मोजणी होते, प्रश्न येतो. धाकटा माझ्याकडे बघतो, मी घड्याळाकडे.

गेल्या रविवारी मात्र प्रश्न वेगळा होता...

"आई, तू ऐकलं होतंस ना?"

मी उठून खिडकी लावून घेतली.

वर्षापूर्वी त्या दुपारी ती उघडीच होती.