फोडलेल्या डबीची चिठ्ठी

सकाळी आठला व्हर्जिल टेटम खुर्चीत मेलेले सापडले. तोंडावर उशी दाबलेली. पायाशी फोडलेल्या प्लॅस्टिकच्या डबीचे तुकडे, आणि डबीतलं १८६१चं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं गायब. आमच्याच डॅलोनेगाच्या टांकसाळीतलं, उरलेल्या मोजक्यांपैकी एक.

दाराचं कुलूप शाबूत होतं. दुसरी किल्ली फक्त ओडेसाकडे. एकोणीस वर्षं तिथे स्वयंपाक करायची. शेरीफने तिला बेड्या घातल्या. अख्ख्या गावाने माना डोलावल्या. मीही डोलावली, त्याची लाज अजून जात नाही.

"अगं बाई, मी मारीन त्यांना?" ओडेसा तपासनीस कोराली प्रूइटवर कडाडली. "गरम बिस्किटं घेऊन आले होते मी!"

"नाण्यांना हात लावायचीस?"

"धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत. पुसलं की नाणं मेलं, म्हणायचे."

कोरालीने तुकडे टेबलावर जुळवले. कोपरे पकडीने अलगद कापलेले. डबी पुरी झाली, पण नाणं पारखून डबीत सीलबंद करणाऱ्या कंपनीची, नंबर आणि दर्जा छापलेली आतली चिठ्ठी कुठेच नव्हती. केराच्या टोपलीत नाही, शेगडीतही नाही.

दुपारी ती चौकातल्या वेंडेल स्ट्राउडच्या नाण्यांच्या दुकानात शिरली. तो व्हर्जिलचा तीस वर्षांचा मित्र.

"ते नाणं तुम्हाला हवं होतं?"

"कुणाला नको? पण म्हातारा हट्टी. म्युझियमला देऊन टाकणार होता."

"तुम्ही डब्या फोडता?"

"धंद्यातले सगळेच फोडतात. पुन्हा तपासायला पाठवलं की कधीकधी दर्जा वाढून मिळतो."

"मग जुन्या चिठ्ठीचं काय?"

"कंपनीला परत करायची. नाहीतर त्यांच्या यादीत एकाच नाण्याची दोन नाणी होतात. आळशी लोक फेकून देतात. मी आजवर एकही फेकलेली नाही, मॅडम."

"कुठे ठेवता?"

वेंडेलची नजर खणाकडे गेली आणि चेहरा उतरला. कोरालीने वॉरंट पुढे केलं. खणातल्या पाकिटात सहा चिठ्ठ्या होत्या. एकीवर व्हर्जिलच्या नाण्याचा नंबर.

"दार त्यांनीच उघडलं, मित्र म्हणून. जाताना ओढलं की कुलूप आपोआप लागतं," ती म्हणाली. "नंबरावरून नाणं ओळखू आलं असतं, म्हणून तुम्ही डबी फोडली. साध्या चोराने हातोडा घातला असता. तरी तेवढ्यावर तुम्हाला धरता आलं नसतं. पण चिठ्ठी? चोराने जाळली असती, ओडेसाने झाडून टाकली असती. जपून नेणारा माणूस एकाच जातीचा, यादी चुकू न देणारा नाणेवाला."

"जाळायलाच बसलो होतो," वेंडेल पुटपुटला. "हात धजेना. गणती कायमची खोटी राहिली असती."

उशी दाबताना हाच हात धजला होता.

संध्याकाळी ओडेसा सुटली. शेरीफ ओशाळून म्हणाला, "गाडीने घरी सोडतो."

"नको. चौकातून चालत जाईन."

ती सावकाश गेली, एकेका दारापाशी थांबत. आमच्यातल्या एकालाही तिच्याकडे बघवलं नाही.