लागलेला वेळ

बुलढाण्याच्या त्या सरकारी कचेरीत दुपारी तीनला दिवसभराच्या नोंदी वरच्या सर्व्हरला पाठवायच्या, एवढंच प्रसेनजितचं काम. त्यासाठी त्याने स्क्रिप्ट लिहिली होती. सुरू होताना वेळ टिपायची, संपताना टिपायची, वजाबाकी करून छापायची: लागलेला वेळ. तो अर्ध्या तासावर गेला की ऑपरेटर दोषी. तीन दोष झाले की करार वाढत नाही. कचेरीतली बाकी कामं सात-सात वर्षं अडून होती, पण त्यांना कोणी स्क्रिप्ट लावली नव्हती.

सोमवारी काम चार मिनिटांत उरकलं. पडद्यावर आलं: ९ तास.

मोठे साहेब नारायणराव टेबलाशी येऊन उभे राहिले. "काऊन बे, चार मिनिटाच्या कामाले नऊ घंटे?"

"साहेब, मी इथंच बसेल होतो. भिंतीवरचं घड्याळ पाहा."

"भिंत रिपोर्ट देत नाई." पहिला दोष लागला.

मंगळवारी त्याने संगणकाच्या घड्याळाला विचारणंच सोडलं. मशीन चालू झाल्यापासूनचे सेकंद मोजले. शिवाय मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. स्टॉपवॉच म्हणालं चार मिनिटं. स्क्रिप्ट म्हणाली ९ तास. दुसरा दोष. डबा खाऊन तासही झाला नव्हता, आणि पोटात दिवसभर उपाशी असल्यासारखी आग पडली होती.

शेजारच्या टेबलावरची सुचिता त्याच्याकडे बघतच राहिली. "सर, सकाळी दाढी करून आलते ना तुमी?"

त्याने गालावर हात फिरवला. खुंट बोटांना टोचले.

बुधवारी, बारा मार्चला, नारायणरावांनी तिसऱ्या दोषाचा कागद आधीच टाइप करून आणला. करार एकतीस मार्चला संपत होता.

"तुया हातातच खोट हाये," ते म्हणाले. "तुमच्यासारख्यायले मशीन देलं का असंच होते."

 प्रसेनजित उठला. खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मंग तुमीच दाबा, साहेब."

साहेब ऐटीत बसले. लावायच्या होत्या एका दिवसाच्या नोंदी. प्रसेनजितने त्यांच्या खांद्यावरून हात घालून, अगदी शांतपणे, तो येण्याआधीपासून तुंबलेल्या एकशे बासष्ट दिवसांच्या लावल्या. एका दिवसाला नऊ तास. गुणाकार त्याला येत होता.

साहेबांनी एंटर दाबलं.

भिंतीवर चारच मिनिटं सरली.

पडद्यावर आलं: ६० दिवस १८ तास.

साहेबांनी पेन उचललं. दोषाच्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली 'करार वाढवावा' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. बारा मे.

"साहेब, तारीख चुकली. मेपावतर माया करारच नाई राहत."

"चुकली नाई, बाबू." कित्येक दिवस गळ्यात पडून राहिल्यासारखा आवाज निघाला. "रोज मोजत होतो."

पेन ठेवताना त्यांची वाढलेली नखं लाकडावर खरखरली.