शेपटामागचा

दातांच्या डॉक्टरांची पाठ त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी वडील होती. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे दुसरं काय होणार! तेव्हा रविवारी जंगलात सायकल हाणायची ही कल्पना त्यांची असणं शक्यच नव्हतं. ती बायकोची होती, आणि तीही स्वतःसाठी नव्हे, धाकट्या भावासाठी.

छपाईचं दुकान बंद पडल्यापासून मेहुणा त्यांच्याकडेच होता. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. उठवलं तर उठे, जेवायला बसवलं तर जेवे. टीव्ही लावला तर बघे, आणि बंद केला तरी बघत राही.

गाडीमागे सायकली बांधताना बायको हळूच म्हणाली, "त्याला एकटा सोडू नका हं. नेताय तसा परत आणा."

"तसाच आणला तर काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले.

ती हसली नाही.

सायकलवाल्यांचा म्होरक्या एक आर्किटेक्ट होता. सगळे त्याला कप्तान म्हणत आणि तो म्हणवून घेई. जंगलाच्या तोंडाशी, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत, त्याने नियम सांगितला.

"वाट फुटली की माझ्यामागे जो असेल तो फाट्यावर थांबणार. हात बरोबर वाटेकडे करून. सगळे पुढे जाऊन शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेपूट दिसलं की मग त्याच्यापुढे लागायचं. कुणी हरवत नाही. आता शेपूट कोण?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"मानाचं काम आहे, डॉक्टर."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. शाळेतल्या शर्यतींतही ते याच मानाच्या जागी असत.

वाट अरुंद होती. झाडं उंच, सरळ आणि एकमेकांशी अबोला धरल्यासारखी. जमिनीवर कुजलेल्या पानांचा जाड थर, त्याखाली मुळं. प्रत्येक मूळ हँडलातून मनगटात, मनगटातून खांद्यात आणि तिथून थेट पाठीत आपली हजेरी लावत होतं. पुढच्यांच्या हाका लवकरच ऐकू येईनाशा झाल्या. राहिला तो चेनचा खरखराट आणि डॉक्टरांचा श्वास, दोन्ही तेलपाण्याला आलेले.

पहिल्या फाट्यावर बँकेतल्या बाई हात लांब करून उभ्या होत्या.

"डॉक्टर, व्हा पुढे. मागचे आले की मी निघते."

"मागे कोण? शेपूट मी आहे."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. कपाळाला आठी पडली. "अय्या, हो की! मला वाटलं..." त्या हसल्या, सायकलवर बसल्या आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात निघून गेल्या.

पुढे चढ लागला. तिथे डॉक्टरांना टिकटिक ऐकू आली. पायडल मारायचं थांबवून सायकल नुसती सोडली की मागचं चाक करतं तशी. सवयीचाच आवाज. पण तो उताराचा आवाज. चढावर पायडल थांबवलं तर सायकल आडवी होते. डॉक्टर पाय टेकून थांबले. टिकटिक थोडा वेळ चालू राहिली, मग मागेच कुठेतरी सावकाश थांबली.

त्यांनी वळून पाहिलं. ओली वाट. तीवर त्यांच्याच चाकाचा ओरखडा.

पाठीचं दुखणं कानात शिरलं असावं, असं निदान करून डॉक्टर पुढे निघाले. दातांच्या डॉक्टरने कानाबद्दल फार बोलू नये.

दुसऱ्या फाट्यावर मेहुणा होता. हात सरळ, पाठ ताठ. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी असल्यासारखं दिसत होतं.

"भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. एक जण यायचाय."

"अरे, माझ्यामागे कुणी नाही."

"येतोय ना. फार दमलाय बिचारा. दिसत नाही तुम्हाला?"

डॉक्टरांनी या वेळी वळून पाहिलं नाही. मेहुणा रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा हिरवा होईस्तोवर उभा राहणारा. त्याच्याशी नियमांवर वाद घालायला अंगात जी धुगधुगी लागते ती त्यांच्यात उरली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, आपण शेवटचे नाही हे ऐकून त्यांना बरं वाटलं. ते पुढे गेले.

वाट फिरून गाड्यांपाशी आली तेव्हा मंडळी थर्मासमधली कॉफी पीत होती.

"मेहुणे कुठे?" कप्तानाने विचारलं.

"फाट्यावर. कुणीतरी यायचाय म्हणतो."

"डॉक्टर, बाकी सगळे आले. तुम्हीच शेवटचे."

बँकेतल्या बाई पेल्यात बघत राहिल्या. डॉक्टरांनी सायकल परत जंगलाकडे वळवली. एकटा सोडू नका, एवढं एकच बायकोचं मागणं होतं.

"मी येतो बरोबर," कप्तान म्हणाला.

"नको. चारचौघांनी घेरलं की तो आणखी मिटतो."

मेहुणा तसाच उभा होता. हात अजून पुढेच होता, ओठ निळसर पडले होते.

"चल घरी. ताई वाट बघतेय."

"तो चुकीच्या वाटेला लागला तर?"

डॉक्टरांनी हात खाली ओढायचा प्रयत्न केला. दाढा उपटून कमावलेलं मनगट, पण हात ओल्या लाकडासारखा गार आणि जागच्या जागी.

"कुणी नाहीये रे मागे."

"मला माहितीये, भाऊजी, मागे राहिल्यावर कसं वाटतं. मी नाही सोडणार त्याला."

हा माणूस इथून उचलून न्यायचा नव्हता. याला नियमानेच सोडवायला हवं होतं. डॉक्टरांनी सायकल वळवली आणि ते चढाच्या खाली, वळणाआड गेले. तिथून पुन्हा शेपूट बनून वर यायचं, की झालं.

वळणाआड उजेड कमी होता.

ते सायकल फिरवायला लागले तशी टिकटिक सुरू झाली. सावकाश. जवळ आली. अगदी शेजारी येऊन थांबली. कित्येक दिवस न वाळलेल्या कपड्यांचा वास आला. कुणीतरी धापा टाकत होतं, आणि ते डॉक्टर नव्हते. त्यांनी श्वास रोखून खात्री करून घेतली.

भीती वाटायलाही थोडी ताकद लागते.

"चला मग," ते समोर बघत म्हणाले. खुर्चीत घाबरून बसलेल्या पेशंटशी बोलत तसंच.

ते चढ चढू लागले. टिकटिक मागोमाग आली.

मेहुण्याने दोघांच्या येण्याच्या वाटेकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप खाली आला.

"आलात," तो म्हणाला, आणि चक्क हसला. "चला, कुणी राहिलं नाही."

गाड्यांपाशी कप्तानाने सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळी भराभर पांगली. मेहुण्याने स्वतः होऊन सायकली बांधल्या, किल्ली मागितली. "मी चालवतो. तुम्ही मागे पाय पसरा, पाठीला बरं वाटेल."

डॉक्टरांनी मागच्या सीटवरून बायकोला फोन लावला.

"कसा आहे तो?"

"गाडी चालवतोय. शीळ घालतोय."

पलीकडे ती नाक ओढून म्हणाली, "या लवकर."

मेहुण्याने गाडी सुरू केली, आरसा नीट केला, त्यात पाहिलं आणि थांबला.

"भाऊजी, जरा पलीकडे सरकता का? त्याला दार लावता येत नाहीये."

डॉक्टरांनी पाय आवरले आणि ते सरकले.

दार हळूच लागलं.