धीराची कणसं

सकाळच्या चहाचा कप हातात असतानाच स्वानंदीचा फोन वाजला. कुंडलहून शेतकरी आकाराम बोलत होता.

"मॅडम, लगोलग या. प्लॉटातली कणसं कुणीतरी न्हेली."

"सगळी?"

"न्हाई. मधनंमधनं. मला तर कायबी कळंना."

स्वानंदी मिरजेजवळच्या मका संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. तीन वर्षं मक्याचे तेच बारा वाण शिरवळ, कराड, कुंडल आणि जत अशा चार ठिकाणी पेरले जात होते. एखादा वाण कुंडलच्या काळ्या रानात भरभरून देतो आणि जतच्या माळावर दगा देतो. पाणी असो नसो, सगळीकडे बऱ्यापैकी सारखं पिकणारा वाण तिला हवा होता. दोन वर्षं एकच वाण चारही ठिकाणी पुढे राहिला होता. त्याचं नाव धीरा. तो केंद्राचे प्रमुख गंगाधर कानडे यांनी तयार केला होता. हे शेवटचं वर्ष, शेवटची काढणी, आणि आता हे.

आकारामच्या रानात पोहोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. प्रत्येक वाण रानात तीन वेगवेगळ्या जागी पेरलेला. खुंटीवर नाव नाही, नुसता आकडा. आणि आकडेही गावोगावी वेगळे, म्हणजे कुणाला वाण ओळखता येऊ नये. स्वानंदी ओळींमधून फिरली. तीन जागच्या उभ्या ताटांवरची कणसं गेली होती. तिच्याकडच्या यादीप्रमाणे तिन्ही जागा धीराच्या.

एकही ताट मोडलं नव्हतं. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांची झाडं तेवढी कणसासकट उभी होती. तिनं त्यातलं एक कणीस सोललं. शेंड्यापर्यंत भरलेले पिवळे दाणे, आणि मध्येच सात-आठ गडद जांभळे.

"हे काय आता?"

आकारामची आई, रंगूबाई, बांधावर उभी होती. ती ओशाळली. "आमचा नातू मिझोरामला हाय न्हवं, मिलिट्रीत? त्यानं तिकडनं मूठभर काळा मका आणला. म्या बांधाला टोकला. लय मऊ लागतो भाजून."

स्वानंदीनं कपाळाला हात लावला. वाऱ्यानं त्याचे पराग उडून इकडच्या कणसांवर पडले होते. मक्याच्या दाण्याला रंग त्याच हंगामात चढतो. वजनाला फरक पडत नव्हता, पण चिडायला एवढं पुरेसं होतं.

"काल तुम्ही कुठं होता?" तिनं आकारामला विचारलं.

"पलूसला लगनाला. समदी आळी गेलती."

"हे बाहेर कुणाला माहीत होतं?"

"तुमास्नी सांगितलंतं की, काल काढणी धरू नका म्हणून. आन मोट्या सायबास्नी, कानडेसायबास्नी. बाकी कुणाला कशाला सांगू?"

चौकीतल्या हवालदारानं पेन उचललंच नाही. "मक्याची कणसं? डुकरं असतील, मॅडम."

"डुकरं ताट न मोडता कणीस काढत नाहीत."

"मग माकडं," तो म्हणाला आणि दुसऱ्या माणसाकडे वळला.

उरला वीरधवल. त्याचं गावात बियाण्याचं दुकान होतं आणि धीरा बाजारात आला तर त्याच्या कंपनीचा मका मागे पडणार होता. स्वानंदी त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तो पिशव्या रचत होता.

"काल कुठं होता?"

"लग्नात वाढायला. फोटो दाखवू?"

"एखादा माणूस पाठवला असेल."

"मॅडम, मला तुमची चाचणी बुडवायची असती तर मी अख्खं रान साफ केलं असतं. तुमच्या खुंट्यांवरच्या आकड्यांतनं धीरा कुठला, हे मला कसं कळणार?"

उत्तर खरं होतं. त्यामुळेच ती जास्त वैतागली.

केंद्रात परतली तर कानडेसर शांत होते. "कुंडलचे आकडे सोडून द्या. बाकीची तीन ठिकाणं पुरेशी आहेत."

"आणि आकाराम?"

"रान त्याच्या ताब्यात होतं. वरचे संचालक त्याला पुढच्या कुठल्याच चाचणीत घ्यायचं नाही म्हणतायत. माझ्या हातात काय आहे?"

चार दिवसांनी आकारामचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला होता. "गाव म्हणतंय, मीच इकली कंपनीला. पोरीची सोयरीक ठरत आलीया, मॅडम. पावणं इचारत्यात."  फोन ठेवल्यावर स्वानंदीला स्वतःचाच राग आला.

त्या दुपारी वाळवणीच्या शेडमध्ये जतची पोती वजनाला आली. कणसं अजून सोललेली नव्हती. धीराचं पोतं तिनं स्वतः उघडलं. पहिलं कणीस शेंड्यापर्यंत भरलेलं. जतला, या वर्षी? तिनं दुसरं सोललं. तिसरं सोललं. तिसऱ्यात पिवळ्या दाण्यांमध्ये चार जांभळे दाणे होते.

ती तशीच गाडीत बसली आणि जतला गेली.

तिथं धीराची ताटं बोटाएवढी बारीक उभी होती. तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या दिवसांतच पावसानं दडी मारली होती. टोकाच्या झाडांवरची कणसं निम्मी रिकामी होती.

"नानासो," तिनं तिथल्या क्षेत्र सहायकाला विचारलं, "इथं जवळपास कुणी काळा मका लावलाय?"

"न्हाई बा. हितं पिवळाच उगवायची मारामार."

"ही इथली कणसं कुणी काढली?"

"मीच. टोकाची झाडं सोडून, तुमी शिकवलं तशी. त्यांना जादा ऊन, मोकळी जागा मिळती, ती वजनात धरायची न्हाईत म्हणून."

स्वानंदीनं पुन्हा टोकाच्या झाडांकडे पाहिलं. कुंडलच्या चोरानंही टोकाची झाडं सोडली होती.

"पोती मिरजेला कुणी नेली?" तिनं हळूच विचारलं.

"मोटे सायेब आलते की. टेंपो कशाला, म्हणून आपल्याच गाडीत घालून न्हेली."

दुसऱ्या दिवशी तिनं कानडेसरांच्या टेबलावर दोन कणसं ठेवली. एक शेडमधलं, एक जतच्या रानातलं.

"सर, चोर धीराचा वैरी असेल असं आपण सगळे धरून चाललो. म्हणून मी वीरधवलच्या मागे लागले. पण त्याला धीराच्या जागा माहीत नव्हत्या. आकारामलाही नव्हत्या. कुंडलच्या आकड्यांचा अर्थ फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक."

कानडेंनी शेडमधलं कणीस उचललं.

"आळी रिकामी असणार हेही गावाबाहेर आपल्या दोघांनाच माहीत होतं. चोरानं टोकाची झाडं सोडली. विकायला नेणारा ती कशाला सोडेल? तो हात चाचणीच्या माणसाचा, सवयीनं चाललेला. आणि शेडमधल्या जतच्या कणसांत कुंडलच्या बांधावरचा रंग आहे. जतला धीरा पडला, सर. म्हणून तुम्ही कुंडलची कणसं जतच्या पोत्यांत भरली. कुंडलचे आकडे गेले तरी चालणार होते. तिथं धीरा पिकतो हे सगळ्यांना माहीत आहे. जतला तो पडला असं लिहून जायला नको होतं. तुम्ही न सोलता भरलीत, त्यामुळे आतले जांभळे दाणे तुम्हालाही दिसले नाहीत."

कानडेंनी कणीस टेबलावर ठेवलं.

"मी जतचाच," कानडे म्हणाले. "धीरा मी जतसाठी केला. दोन वर्षं तो उभा राहिला. एका पंधरवड्यात पाऊस गेला म्हणून माझं सगळं आयुष्य रद्द? डिसेंबरला मी निवृत्त होतोय, स्वानंदी. पुढचं वर्ष मला नव्हतं."

"जतला पाऊस जातोच, सर. म्हणून तर आपण तिथं पेरतो. तुमचं ऐकून लोकांनी हे बी घेतलं असतं, आणि रिकामी कणसं त्यांच्या पदरात पडली असती."

त्यांनी चष्मा काढला. "जतची खरी कणसं घरी गॅलरीत आहेत. फेकवली नाहीत."

अहवालात सगळं जसं घडलं तसं गेलं. त्यावर कानडेंनी स्वतःहून सही केली. कुंडल आणि जतची पेरणी पुन्हा करायची ठरली. तीन वर्षांचं काम चौथ्या वर्षावर गेलं. धीरा बागायती रानापुरता राहिला. कुठंच पहिला न आलेला, पण कुठंच न पडलेला, कुणी नावही न ठेवलेला एक वाण आता पुढे होता. स्वानंदीला आनंद काही झाला नाही. आणखी एक काम बाकी होतं.

ती कानडेंना घेऊन कुंडलला गेली. आकारामच्या अंगणात खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. रंगूबाईनं आणलेला चहा तसाच निवत राहिला.

आकारामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, मला सांगून काय उपेग? म्या चोरी केली न्हाई, हे मला ठावं हाय. आत्ता डेअरीवर दूध घालायला समदा गाव येतोय. तिथं सांगा."

कानडेंनी स्वानंदीकडे पाहिलं.  ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि विचारलं, "डेअरी कुठल्या बाजूला?"

आकारामनं हातानं वाट दाखवली आणि तो त्यांच्याबरोबर चालू लागला.