शेपटीवाला बाण

वॉर्डात तिला सगळे एक्स्प्रेस म्हणायचे आणि तिला ते भारी आवडायचं. दुसऱ्या नर्सचे दोन पेशंट ऑपरेशनसाठी तयार होईपर्यंत हिचे चार झालेले असत. कपडे बदलून, सुई टोचून, चष्मे-अंगठ्या-कवळ्या ज्याच्या त्याच्या डबीत घालून, वर दोन विनोद सांगून. निम्मे पेशंट हिच्या बडबडीनंच गुंगतात, भूल फुकट जाते, असं ट्रॉलीमामा म्हणत. ट्रॉलीमामा म्हणजे पेशंटला ढकलत थिएटरपर्यंत नेणारे. ती दिसली रे दिसली की त्यांची आरोळी ठरलेली. "बाजूला व्हा, एक्स्प्रेस आली."

ही एक्स्प्रेस अडायची ती फक्त बाणापाशी.

ज्या बाजूचं ऑपरेशन, तिथे जांभळ्या पेनानं बाण काढायचा. आता याला किती वेळ लागावा? पण मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्सचा, हट्ट असायचा. 'उजवा ना?' असं विचारायचं नाही. पेशंटचा हात आपल्या हातात घ्यायचा, 'दाखवा' म्हणायचं आणि गप्प थांबायचं. तो हात नेऊन ठेवील तिथे बाण.

"घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो गं," त्या सांगत. "हात मात्र दुखतं तिथेच जातो."

एक्स्प्रेस मान डोलवायची आणि त्यांची पाठ वळली की डोळे फिरवायची. तिचा बाण मात्र शंभरांत ओळखू यायचा. त्याला शेवटी एक गिरकी असे, मांजरानं शेपटी उडवावी तशी.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर गुडघ्याचे आजोबा होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेले. दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे, पण आज एकाचंच ऑपरेशन. त्यांची कवळी तिनंच काढून डबीत ठेवली होती, कानातलं यंत्रही. आजोबा बोळक्या तोंडावर हात धरून बसले होते. असं तोंड कुणी पाहू नये, एवढीच त्यांची धडपड.

दाराशी ट्रॉलीमामा घोटाळत होते. "चला, वरून दोनदा फोन आलाय."

तिनं एक्सरे काढला, खिडकीच्या उजेडात धरला. घाईत पाठीमागची बाजू पुढे आली, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"उजवा ना, आजोबा?"

आजोबांनी तिच्या हलत्या ओठांकडे पाहिलं, गोड हसले आणि मान हलवली.

उजव्या गुडघ्यावर बाण उमटला. शेपटीसकट. आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. तोंडावरचा हात थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. ट्रॉली हलली.

मग त्यांची लेक डबी न्यायला आली. "सिस्टर, डाव्याची जखम भरली की उजव्याचं कधी करतील हो?"

म्हणजे आज डावा होता.

टेबलावर फोन होता. तिनं उचलला, ठेवला. फोनवर काय सांगणार? मोठ्या सिस्टरांच्या देखत? ती धावत थिएटरच्या दारापर्यंत गेली. दाराची गोल काच थंडगार होती, आतून स्पिरिटचा वास येत होता. आतली नर्स बाहेर डोकावली.

"काय गं?"

आत एक म्हातारा माणूस होता, ऐकू न येणारा, कवळीवाचून बोलता न येणारा, आणि त्याचा भलताच गुडघा उघडणार होते. 'माझा बाण चुकलाय' एवढंच म्हणायचं होतं.

"एक चादर कमी आहे आमची," ती म्हणाली. "इकडे आलीय का बघायला आले."

"नाही बाई."

दार मिटलं.

ती चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कान इतके तापले होते की त्यांना हात लावावासा वाटेना. बोलायला काय झालं होतं तुला, बडबडे? दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि नेमकं आत्ता दातखीळ?

दुपारी मोठ्या सिस्टरांनी सगळ्या नर्सना टेबलाभोवती गोळा केलं. आता आलं अंगाशी, असं तिला वाटलं.

"सर्जनचा फोन होता," त्या म्हणाल्या. "थिएटरमध्ये एक्सरे उलटा लागला होता. सगळे उजव्या गुडघ्याच्या तयारीला लागलेले. बाण डाव्यावर दिसला म्हणून थांबले, पुन्हा तपासलं. बाणामुळे वाचले आजोबा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "शेपटीवाला होता म्हणे. तुझाच ना?"

सगळ्या तिच्याकडे बघून हसत होत्या. तिची मान हलली. सकाळी आजोबांची हलली होती, तशीच.

आजोबा खाटेवर परत आले तेव्हा तिनंच चादर सारून पाहिलं. डाव्या गुडघ्याला जाडजूड पट्टी, पट्टीच्या वर मांडीवर बाण, शेपटीला गिरकी. उजवा गुडघा स्वच्छ. जांभळा ठिपकासुद्धा नाही.

संध्याकाळच्या चहापर्यंत आजोबांना कवळी मिळाली, कानात यंत्र बसलं आणि त्यांना बोलायला उधाण आलं.

"पोरी, तू आत आलीस ते बरं झालं हो."

"मी?"

"तूच की. टेबलावर घ्यायच्या आधी. चुकीचा बाण पुसलास, माझा हात हातात घेतलास. अक्षर बोलली नाहीस, नुसती थांबलीस. मग दाखवला मी डावा." ते हसले. "हात मात्र बर्फ होता तुझा."

लेक कौतुकानं तिच्याकडे बघत होती. "आत गेला होतात ना सिस्टर, मुद्दाम?"

"हो," ती म्हणाली. "मीच."

तिच्या बोटांतून पेन गळून पडलं. उचलायला गेली तर बोटांना पेन लागतच नव्हतं, हिवाळ्यात सकाळी होतात तशी बधिर.

दुसऱ्या दिवशी खांद्याच्या काकूंकडे गेली तर बाण आधीच काढलेला. शाई ओली होती, शेपटीला गिरकी. तिचं पेन खिशात, टोपणासकट.

"आत्ताच तर काढून गेलीस," काकू म्हणाल्या. "आज तुझा नूरच निराळा हो. एरवी नुसतं वादळ असतेस. आज कशी बसलीस, हात धरलास, मी रडले तरी उठली नाहीस. हात जरा गार होता, पण माया केवढी."

'ती मी नव्हते, काकू.' शब्द अगदी जिभेवर आले होते.

"मोठ्या सिस्टरांना सांगणारे मी," काकू म्हणाल्या. "अशी नर्स नशिबानं मिळते."

"हो," ती म्हणाली.

तिनं नळाचं गरम पाणी सोडलं आणि हात खाली धरले. वाफ निघत होती. आरसा धुरकटला. हातांना काहीच कळेना.

बास. आता सांगायचं. नोकरी जावो, नाव जावो, लोक तोंडावर हसोत. तिनं हात पुसले आणि मोठ्या सिस्टरांच्या खोलीचं दार लोटलं.

"सिस्टर, मला तुम्हाला काही सांगायचंय."

त्यांनी मान वर केली. "परत काय गं? आत्ताच तर सांगून गेलीस सगळं. बाणाचं, फोन उचलून ठेवलास त्याचं, त्या चादरीच्या खोट्याचंसुद्धा. मी रागावले नाही म्हटलं ना? असं येऊन सांगायला छाती लागते."

चादरीचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"किती घट्ट धरला होतास माझा हात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि केवढा उबदार."

"सिस्टर, ती मी नव्हते. मी आत्ता आलेय. मी आहे ही."

रडू नको म्हणत त्यांनी तिचा हात धरला.

आणि सोडला.

आपला तळवा त्यांनी एप्रनला पुसला. मग तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, खूप वेळ, कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय पण आठवत नाही अशा नजरेनं.

"माफ करा हं," त्या अदबीनं म्हणाल्या. "तुम्ही कुणाच्या नातेवाईक? भेटायची वेळ संपलीय."

ती बाहेर आली.

वॉर्डात ऊन पसरलं होतं. समोरून ट्रॉलीची चाकं कुरकुरत आली.

"बाजूला व्हा, एक्स्प्रेस आली."

तिला रडूच फुटलं, इतकं बरं वाटलं. "मामा," ती म्हणाली.

ट्रॉलीमामा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, कौतुकानं. तिनं वळून पाहिलं. वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खाटेपाशी कुणीतरी पाठमोरं वाकलं होतं. पेशंटचा हात हातात घेऊन थांबलं होतं. कसलीच घाई नव्हती.

"बाजूला व्हा," मामा पुन्हा म्हणाले.

ती बाजूला झाली.