एकोणीस वापरकर्ते

डॉ. कल्पिता रिसबूड यांनी घरच्या संगणकावर सर्व्हरची प्रणाली बसवून घेतली ती रागाच्या भरात. आधीची प्रणाली पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडून त्यांना रोज हवामान, क्रिकेट आणि कुणा नटीचा साखरपुडा कळवत असे. एका सकाळी त्या ‘खाजण’, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन, या शब्दाच्या अर्थच्छटा लावत बसल्या असताना तिने वजन घटवण्याचे तीन उपाय सुचवले. बाईंनी त्याच दिवशी मितेशला फोन केला.

मितेश त्यांचा जुना विद्यार्थी. भाषाशास्त्रात एम.ए. करून तो घोडबंदर रोडवरच्या एका कचेरीत सर्व्हर सांभाळत होता आणि या देशातल्या भाषाशास्त्राचे यापेक्षा बरे काही होण्याजोगे नव्हते, असे बाईंचे मत होते.

“मॅडम, सर्व्हरचीच टाकू या ना,” तो म्हणाला. “नवीन आलीये. सहा महिने ट्रायल फुकट. जाहिरात नाही, गेम नाही, फालतू काहीच नाही. मी पण डेस्कटॉप म्हणून हीच वापरतोय.”

डोंबिवली पूर्वेला बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन तासांत काम झाले. पडदा करडा आणि रिकामा होता. बाईंना तो एकदम आवडला. फक्त आवाज येईना.

“बंदच असतो सर्व्हरवर,” मितेशने तो सुरू करत सांगितले. “मशीनरूममध्ये कोण ऐकायला बसलंय?”

बाई ऐकायला बसणार होत्या. बावीस वर्षे त्यांनी कोलशेतच्या खाडीकाठच्या एका पाड्यातल्या मासेमार बायकांची बोली ध्वनिमुद्रित केली होती. त्यांच्या संस्थेने त्या साहित्यावर आधी एक देखणे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर संचालकांचे नाव, आत संचालकांची प्रस्तावना आणि शेवटच्या पानावर ‘स्थानिक महिलांचे सहकार्य लाभले’ एवढे वाक्य. बाईंचे नाव स्थानिक महिलांतही नव्हते. मूळ कॅसेटी बुरशी आली म्हणून संस्थेने फेकल्या. उरल्या त्या बाईंनी वेळीच उतरवून घेतलेल्या प्रती, एक संगणकात आणि एक बाहेरच्या डिस्कवर.

आता बाईंचा स्वतःचा कोश ठाण्याच्या प्रकाशकाकडे तयार होता. प्रत्येक शब्दापुढे ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, हे त्याचे वैशिष्ट्य. शेवटचे एक्केचाळीस शब्द ऐकून पडताळायचे, की सोमवारी छपाई. ते एक्केचाळीस कुठल्याच पुस्तकात नव्हते. ते वगळले, तर उरणारा कोश म्हणजे संचालकांचेच पुस्तक, जरा जाड कागदावर.

सर्व्हर एका माणसासाठी नसतोच. कोण कोण येणार, कोणाचे काय, हे तो आधी विचारतो. बाईंना यात न्याय दिसला. त्यांनी बोलणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या नावाने स्वतंत्र खाते उघडले आणि जिचा आवाज तिच्या नावे फाइलींची मालकी करून दिली. डिस्कवरच्या प्रतींचीही. एकोणीस नावे झाली. पहिले मनुबाईचे, कारण सर्वांत जास्त शब्द तिचे.

“मनुबाई तर गेली ना सहा वर्षांपूर्वी?” मितेशने विचारले. “मेलेल्यांना पासवर्ड कोण देणार?”

“पहिल्या प्रवेशाच्या वेळी ज्याने त्याने ठरवावा. तशी सोय आहे, मी वाचलंय.”

“धन्य आहात.”

“मालकी कागदावर तरी असू दे रे. संस्थेने तेवढीही ठेवली नव्हती.”

इंटरनेटची तार काढून बाईंनी कपाटात ठेवून दिली.

मंगळवारी यादी चाळताना मनुबाईच्या नावापुढे एक ओळ दिसली. पासवर्ड निश्चित केला: आज, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. अकरा दहाला बाई स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा निवडत होत्या. नव्या वस्तूंत दोष असतातच, असे म्हणून त्यांनी ती वेळ वहीत टिपून ठेवली.

बुधवारी फाइल उघडेना. ‘आपल्याला परवानगी नाही. मालकाशी संपर्क साधावा.’ दुसरी उघडली, तिसरी उघडली. मासळीची नावे, भरती-ओहोटीच्या वेळा, जाळ्यांचे भाग, लग्नातल्या शिव्या, सगळे सुरळीत वाजले. बंद होत्या त्या बरोबर एक्केचाळीस, पडताळायच्या शब्दांच्या, सगळ्या मनुबाईच्या.

गुरुवारी मितेश अर्धी रजा टाकून आला. त्याने डिस्क तपासली. तिथेही त्याच एक्केचाळीस.

“कुणीतरी लांबून आत आलं असेल.”

“तार कपाटात आहे.”

त्याने यादी पुन्हा वर सरकवली. “या एक्केचाळीसमध्ये आहे काय नेमकं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. खाडीत गेलेला माणूस परत आला नाही, की त्या पाड्यात त्याचे नाव घेत नसत. घरातल्या बायका त्याच्यासाठी एक शब्द ठरवत आणि तो घराबाहेर जाऊ देत नसत. दर घराचा शब्द वेगळा. म्हातारपणी मनुबाईला ते सगळे ठाऊक झाले होते.

“आणि तिने ते तुम्हाला रेकॉर्ड करू दिले?”

“तिने मशीन बंद करायला सांगितलं होतं.”

“मग?”

“मी पदर ठेवला त्याच्यावर.”

मितेश हसला नाही. हे बाईंनी इतक्या वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते. सांगून झाल्यावर त्यांना शरम वाटायला हवी होती. वाटली ती घाई.

“प्रशासक मी आहे ना? मालकी परत घेता येते?”

“येते. दोन क्लिकचं काम आहे.” त्याने माउस त्यांच्याकडे सरकवला. “तुम्हीच करा.”

त्यांनी केले. कुठेही काही अडले नाही. एक्केचाळीस फाइलींवर ‘मालक: रिसबूड’ असे उमटले. पहिली फाइल वाजली. लांबी तीच, दोन मिनिटे. वाऱ्याचा आवाज, दूरवर होडीचे इंजिन, कोंबड्या. मग बाईंचाच आवाज, तरुण आणि गोड: “आणि त्या वरच्या घरात काय म्हणतात?”

त्यापुढे वारा.

“बरं. आणि कोण गेलं होतं त्या घरातलं?”

वारा.

त्यांनी सगळ्या तपासल्या. बाईंचे प्रश्न शाबूत होते आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराएवढी जागा रिकामी होती. प्रश्न विचारणारी मात्र मध्येच ‘अस्सं’ म्हणत होती, हसत होती.

मितेशने बॅग उचलली. “मॅडम, हे शब्द टाइप केलेत ना तुम्ही? मग रेकॉर्डिंग राहू दे की.”

“पुराव्याशिवाय? ते संचालक करतात.”

संध्याकाळी त्यांनी मेघालीला फोन लावला. मेघाली मनुबाईची नात. मनुबाईचा धाकटा भाऊ दामाजी आता तिच्याकडेच असे, कोलशेतच्या नव्या इमारतीत. तोही एकोणिसांपैकी, त्यांतला एकटाच पुरुष, वय शहाऐंशी. बहिणीकडून ते शब्द कळलेला बहुधा एवढाच उरला होता.

“आजोबा ना? थांबा मॅडम, स्पीकरवर टाकते. ओरडून बोला हां, मशीन लावलेली नाय कानात.”

बाईंनी ओरडून विचारले. पलीकडे खोकला आला, मग हसू.

“ये गो बाय, आयतवारी ये. सगलां सांगतो. मनू व्हती तवर कंदी बोललो नाय. आता कोन रागावनार हाय मना?”

“आजोबा, मॅडम रेकॉर्ड करणारेत हां,” मेघाली म्हणाली.

“करू दे. बरा शर्ट घालून बसतो.”

रविवारी ध्वनिमुद्रण, सोमवारी छपाई. शुक्रवारी बाईंनी प्रकाशकाला तसे कळवले आणि रेकॉर्डरसाठी नव्या बॅटऱ्या आणल्या.

शनिवारी दुपारी पावणेपाचला त्या प्रश्नावली लिहीत बसल्या होत्या. खाली भाजीवाला ओरडत होता. लिहिता लिहिता त्यांनी यादी उघडली, का ते त्यांना सांगता आले नसते.

अठरा ओळी नेहमीच्या. एकोणिसावी बदलली होती.

दामाजी. पासवर्ड निश्चित केला: आज, दुपारी चार वाजून वीस मिनिटे.

बाईंनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. मग फोन लावला. तिसऱ्या रिंगला मेघालीने उचलला.

“बोला मॅडम. उद्याचं पक्कं ना? आजोबांनी शर्ट इस्त्री करून घेतला सकाळीच.”

“ते कुठे आहेत?”

“झोपलेत. जेवून पडले ते अजून उठले नाहीत. एवढं झोपत नाहीत खरं तर. का हो?”

बाईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिले.

“थांबा, चहाला उठवतेच आता. चालू ठेवा हां फोन.”

चपला फरशीवर वाजत गेल्या. दार उघडले. पंख्याचा आवाज मोठा झाला.

“आजोबा,” मेघाली म्हणाली. “आजोबा, मॅडमचा फोन आहे. अहो.”

पडद्यावर त्या ओळीपुढे एक छोटा हिरवा ठिपका लागला. त्याच्या शेजारी लिहिले होते: कार्यरत.